टे नदीवरचा वसंतातला सॅमन आणि पाण्याची पातळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी-मार्च आला की स्कॉटलंडमधल्या मराठी मंडळींकडून तेच ते प्रश्न येतात. परवाना कुठे मिळतो, कोणती फ्लाय (पिसं-दोरा गुंडाळून केलेलं बनावट आमिष) लावायची, मासा घरी नेता येतो का. नदीला पाणी किती आहे, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही, आणि अर्धा दिवस तिथेच वाया जातो. इथली उत्तरं टे नदीपुरती आहेत. डी, स्पे, ट्वीड या नद्यांना त्यातलं बरंचसं लागू पडतं, सगळं नाही.

वसंतातला सॅमन म्हणजे नेमका कोणता?

मासा तोच, अटलांटिक सॅमन. फक्त तो समुद्रातून नदीत शिरतो साधारण जानेवारी ते मे या काळात. अंडी घालायची ती ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर, म्हणजे हा गडी सहा-आठ महिने आधीच माहेरी येऊन बसतो. बहुतेकांनी समुद्रात दोन किंवा जास्त हिवाळे काढलेले असतात, त्यामुळे अंगानेही भरलेले असतात. आठ-दहा पौंडांचा मासा नेहमीचा. यांतले बरेचसे खोऱ्याच्या अगदी वरच्या अंगाला, डोंगरातल्या ओढ्यांत जन्मलेले असतात आणि तिकडेच परततात. लांब जायचं म्हणून लवकर निघायचं, असा सरळ हिशोब.

नदीत आल्यावर तो खात नाही म्हणतात. मग गळाला का लागतो?

खात नाही हे खरं. समुद्रात साठवलेल्या चरबीवर सगळा मुक्काम निघतो. तरी समोरून काही सळसळत गेलं की कधी चिडून, कधी जुन्या सवयीने तोंड मारतो. छातीठोक कारण कुणीही सांगितलं तरी निम्मंच खरं माना. व्यवहारात अर्थ एवढाच की त्याला भूक नाही, त्यामुळे आमिषाच्या चवीने तो फसत नाही. तो कुठे थांबलाय आणि कोणत्या मनःस्थितीत आहे हे महत्त्वाचं, आणि दोन्ही गोष्टी पाणी ठरवतं.

हंगाम कधी सुरू होतो?

टे नदीवर १५ जानेवारी ते १५ ऑक्टोबर. डीवर १ फेब्रुवारीपासून, स्पेवर ११ फेब्रुवारीपासून. लॉख टे या तळ्याच्या काठी केनमोरला पहिल्या दिवशी बॅगपाइप वाजवत मिरवणूक काढायची आणि होडीच्या नाळेवर व्हिस्की ओतायची परंपरा आहे. गंमत बघायला जरूर जा. मासा मात्र मार्चअखेर ते मे या काळात मिळण्याची शक्यता जास्त, आणि बोटंही शाबूत राहतात.

रविवारी स्कॉटलंडभर सॅमनची मासेमारी कायद्याने बंद असते. नोकरदारांच्या हाती एक शनिवार उरतो.

पाण्याच्या पातळीचं एवढं काय घेऊन बसलात?

कारण सगळं त्यावरच चालतं. कोकणातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला, ओढे-वहाळ भरले की वलगणीचे मासे चढतात, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं असतं. सॅमनलाही चढत्या पाण्याचीच हाक लागते. फरक असा की वलगणीचा मासा चढला की लगेच अंडी घालून मोकळा होतो. सॅमन पाणी बघून टप्प्याटप्प्याने चढतो, मधल्या डोहांत दिवसच्या दिवस थांबतो आणि पुढच्या पाण्याची वाट बघतो.

पाणी चढत असताना मासे चालते असतात. गढूळ लोंढा, वाहत येणाऱ्या काटक्या, अशा वेळी तुमच्या फ्लायकडे बघायला त्यांना सवड नसते. पाणी चढू लागतं तेव्हाची पहिली काही मिनिटं कधीकधी फार चांगली जातात, पण त्यावर भरवसा ठेवून अबर्डीनहून गाडी काढू नका.

खरा दिवस असतो पाणी उतरायला लागल्यावरचा. पातळी हळूहळू खाली येतेय, रंग मातकटावरून पीटच्या (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या मातीच्या) तांबूस झाकेवर आलाय, गुडघाभर पाण्यात उभं राहिल्यावर बुटाचं टोक पुसटसं दिसतंय, असं पाणी मिळालं तर रजा टाका. चालून दमलेले मासे अशा वेळी डोहाच्या माथ्याशी, शेपटाशी, मोठ्या दगडांच्या आडोशाला थांबतात, आणि थांबलेला मासाच तोंड लावतो.

पाणी चढतंय की उतरतंय हे काठावर उभं राहूनही कळतं. पोचल्याबरोबर पाण्याच्या रेषेत एक काडी खोचा आणि चहा घ्या. दगडांवर पाण्याच्या वर ओल्या पट्ट्याची किनार दिसली तर नदी उतरतेय. दगड वरून कोरडे ठाक, आणि मधल्या धारेतून पानं, काटक्या, फेसाचे पुंजके येऊ लागले, तर नदी चढतेय. वीस मिनिटांनी काडी बुडालेली दिसली की पहिलं काम पाण्यातून बाहेर येण्याचं, मग बाकीचं.

मोबाइलवर पातळी १.२ मीटर दाखवते. म्हणजे नदी कंबरेएवढी?

अजिबात नाही, आणि हा गैरसमज धोक्याचा आहे. स्कॉटिश पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे 'सेपा', ठिकठिकाणच्या मापकांचे आकडे संकेतस्थळावर देते. तो आकडा त्या मापकाच्या ठरावीक शून्यापासून मोजलेला असतो. त्याचा नदीच्या खोलीशी थेट संबंध नाही. कॅपथच्या मापकाचा एक मीटर आणि बॅलथीच्या मापकाचा एक मीटर यांचीही तुलना करू नका.

आकड्यापेक्षा आलेखाची रेघ बघा. रेघ उभी चढली असेल तर घरी बसा. शिखर गाठून हळूहळू उतरतेय, तर गाडीत सामान टाका. एकच मापक धरून ठेवा, तुमच्या बीटला, म्हणजे तुम्ही घेतलेल्या नदीच्या तुकड्याला, सर्वांत जवळचा. हंगामभर त्याचा आकडा आणि नदीचा चेहरा यांची सांगड घालत राहिलात की 'आज अमुक आकडा म्हणजे त्या दगडाचा माथा बुडालेला' हे घरबसल्या कळायला लागतं. जुने गिली, म्हणजे बीटवरचे वाटाडे, आकडे सांगतात ते बहुधा उन्हाळी पातळीच्या वर किती फूट या हिशोबाने. दोन्ही हिशोबांची गल्लत करू नका.

वर डोंगरात पाऊस झाला तर खाली पाणी कधी पोचतं?

एका वाक्यात उत्तर नाही, कारण टे ही एक नदी नसून अनेक नद्यांची बेरीज आहे. सुमारे १९० किलोमीटर लांबीची ही स्कॉटलंडमधली सर्वांत लांब नदी, आणि वाहत्या पाण्याच्या हिशोबाने ब्रिटनमधली सर्वांत मोठी. बॅलथीच्या मापकाजवळ सरासरी प्रवाह सेकंदाला १७० घनमीटरच्या आसपास असतो.

वरच्या अंगाला लॉख टे आहे, वीसेक किलोमीटर लांब आणि चांगलाच खोल. तो पावसाचं पाणी आधी पोटात घेतो आणि सावकाश सोडतो. त्यामुळे केनमोरपासून ॲबरफेल्डीपर्यंत नदी शांतपणे चढते, शांतपणे उतरते. बॅलिनलुइगजवळ टमल येऊन मिळते, तिचं पाणी धरणांतून येतं, तिची चाल वेगळी. मग मिकलूरच्या खाली आयला मिळते. आयला शेतीच्या सपाट प्रदेशातून येते, आणि नांगरलेल्या जमिनीवर पाऊस झाला की तिचं पाणी मातकट होऊन येतं. त्यामुळे संगमाच्या वर फ्लाय टाकण्याजोगं पाणी आणि संगमाखाली नुसता चिखल, असं एकाच सकाळी दिसू शकतं. खालचं बीट घेतलं असेल तर टेबरोबर आयलाचाही मापक बघायला विसरू नका. दर वसंतात या एका कारणाने कुणीतरी हात हलवत परत येतं.

बर्फ वितळल्याचं पाणी चांगलं की वाईट?

दोन्ही. डोंगरमाथ्यावर साठलेला बर्फ ही वसंतातल्या नदीची शिल्लक असते. तो हळूहळू वितळला तर एप्रिल-मेपर्यंत पाऊस नसतानाही नदीला धार राहते. पण बर्फावर उबदार वारा आणि पाऊस एकदम आला की बर्फगार पाण्याचा लोंढा येतो आणि मासे तोंड मिटून तळाशी बसतात. निरभ्र दिवशी दुपारपर्यंत ऊन डोंगराला लागतं आणि ते पाणी संध्याकाळनंतर खाली उतरतं, म्हणून अशा दिवसांत सकाळची वेळ साधावी.

अलीकडे बर्फ कमी आणि पाऊस जास्त असे हिवाळे वाढलेत. मग पाणी जानेवारीतच वाहून जातं आणि एप्रिलमध्ये नदीची हाडं दिसू लागतात.

पाणी किती गार असताना मासा वर चढतो?

साधारण पाच-सहा अंश सेल्सियसच्या खाली तो धबधबे आणि मोठे अडथळे ओलांडायला टाळाटाळ करतो. त्यामुळे कडक हिवाळ्यानंतर मासे स्टॅनलीजवळच्या कॅम्प्सी लिनच्या खडकाळ उतारांखाली रेंगाळतात आणि खालच्या बीटवाल्यांची चंगळ होते. हिवाळा सौम्य असेल तर ते न थांबता वर निघून जातात. गार पाण्यात मोठी, जड फ्लाय खोल आणि सावकाश फिरवायची. पाणी दहा अंशांच्या वर गेलं की तरंगती दोरी आणि छोटी फ्लाय. स्वस्तातला थर्मामीटर खिशात असू द्या, महागड्या फ्लायच्या डबीपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

थेंबभर पाऊस नाही, तरी पाणी चढलं. हे कसं?

वीज. टमल-गॅरी खोऱ्यात जलविद्युत केंद्रांची साखळी आहे. विजेची मागणी वाढली की वर पाणी सोडतात. पिटलॉक्रीचं धरण हे या साखळीतलं सर्वांत खालचं. वरून कमीजास्त येणारं पाणी अडवून खाली त्यातल्या त्यात सारखं सोडायचं, हे त्याचं एक काम. तरीही टमलवर पातळी अचानक बदलू शकते. काठावरच्या सूचनाफलकांकडे शोभेची वस्तू म्हणून बघू नका.

धरणांमुळे माशांचं नुकसान झालं की फायदा, यावर इथल्या पबमध्ये रात्र काढता येईल. कोरड्या दिवसांत नदीला किमान पाणी मिळतं हे खरं. पण गॅरी नदीचा एक मोठा पट्टा पाणी वळवल्यामुळे कित्येक दशकं कोरडा पडला होता हेही तितकंच खरं. तिथे अलीकडच्या वर्षांत पुन्हा पाणी सोडायला लागले. माझ्या मते हे वीस वर्षं आधी व्हायला हवं होतं.

पाणी फारच कमी असेल तर काय करावं?

पहाटे लवकर किंवा संध्याकाळी जा, बारीक दोर आणि अगदी छोटी फ्लाय लावा, जिथे धार टिकून आहे अशाच जागा बघा. नदी उथळ झाली की काठावर चालतानाची तुमची सावलीसुद्धा माशाला बिचकवते. पाण्याचं तापमान २० अंशांकडे गेलं तर मात्र गळ गुंडाळा. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो. झुंजून दमलेला मासा सोडल्यावर पोहत गेलेला दिसतो, पण वाचेलच असं नाही. २०१८च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या कितीतरी नद्या २३ अंशांच्या वर तापल्या होत्या. वसंतात आलेल्या माशाला असा अख्खा उन्हाळा नदीतच काढायचा असतो, हे लक्षात असू द्या. डीसारख्या नद्यांच्या वरच्या उघड्याबोडक्या काठांवर झाडं लावणं चालू आहे ते सावलीसाठीच.

परवाना लागतो का?

इंग्लंडसारखा सरकारी रॉड परवाना टेवर लागत नाही. पण परवानगी लागतेच. स्कॉटलंडमध्ये सॅमन पकडण्याचा हक्क ही स्वतंत्र मालमत्ता असते, काठाच्या जमिनीच्या मालकीहून वेगळीसुद्धा. नदीचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना बीट म्हणतात, आणि प्रत्येक बीटवर दिवसाला ठरावीकच गळाच्या काठ्या. लेखी परवानगीशिवाय गळ टाकणं हा २००३च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. 'आम्हाला माहीत नव्हतं' हे इथे चालत नाही.

दर जागेनुसार आणि हंगामानुसार काही दहा पौंडांपासून शेकड्यांपर्यंत. मासेमारी क्लबांची तिकिटं त्यात स्वस्त पडतात. पहिल्यांदा जाणार असाल तर गिली असलेलं बीट घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. डोहाच्या कोणत्या पातळीला मासा कोणत्या दगडामागे थांबतो हे ज्ञान विकत मिळण्याची तेवढी एकच जागा.

पकडलेला मासा घरी नेता येतो का?

१ एप्रिलच्या आधी कुठलाही सॅमन ठेवता येत नाही, कायदाच आहे. त्यानंतर त्या नदीची त्या वर्षीची प्रतवारी बघावी लागते. २०१६पासून नद्यांना एक ते तीन अशा श्रेणी देतात, आणि तिसऱ्या श्रेणीत प्रत्येक मासा सोडणं सक्तीचं. ठेवायला परवानगी असली तरी स्थानिक मासेमारी मंडळ आणि बीटचे नियम बहुधा 'सोडा' असंच सांगतात. प्रत्यक्षात वसंतातले जवळजवळ सगळेच मासे सोडले जातात. गळाने पकडलेला सॅमन विकायला २००२पासून बंदी आहे.

कालवणाच्या बेताने निघाला असाल तर वाटेत सुपरमार्केट आहे. तिथला सॅमन समुद्रातल्या पिंजऱ्यांत वाढवलेला असतो, या नदीशी त्याचा संबंध नाही.

मला मोठा मासा लागला, पण गिली म्हणाला 'केल्ट'. म्हणजे काय?

गेल्या हिवाळ्यात अंडी घालून परत समुद्राकडे निघालेला, खंगलेला मासा. फेब्रुवारी-मार्चमध्ये हेच जास्त लागतात. चंदेरी दिसतात म्हणून नवखा फसतो. नीट बघा: डोकं मोठं, अंग चपटं आणि लांबुळकं, परांच्या कडा झिजलेल्या, कल्ल्यांत पांढुरके किडे. ताजा मासा खांद्यात भरलेला असतो, आणि नुकताच समुद्रातून आला असेल तर अंगावर समुद्री उवा दिसतात. केल्ट मारणं बेकायदा आहे. हळुवार सोडून द्या, जगलावाचला तर पुन्हा येईल.

सोडायचा कसा?

बिनकाट्याचा गळ वापरा, नाहीतर काटा पकडीने दाबून टाका. गाठी नसलेली मोठी जाळी हवी. झुंज लांबवू नका. मासा जाळीत आला की जाळी पाण्यातच ठेवा, हात ओले करा, गळ काढा. नंतर त्याचं तोंड प्रवाहाकडे करून शेपटीच्या बुडाशी सैल धरा. तो स्वतः जोर लावून हात सोडवेपर्यंत थांबा. फोटो काढायचा तर तोही पाण्यात. छातीशी कवटाळून, किनाऱ्यावर गुडघे टेकून काढलेल्या फोटोंचे दिवस गेले, आणि बरंच झालं.

नदीत उतरताना काय काळजी घ्यावी?

टे दिसते त्यापेक्षा जोरकस आहे. वेडर्सवर (पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारीवर) कंबरपट्टा, हातात काठी, अंगात फुगणारं जॅकेट, या तीन गोष्टींशिवाय पाण्यात पाय घालू नका. खडीच्या पट्ट्यावरून आत जाताना परतीची वाट आधी बघून ठेवा. प्रवाहाबरोबर खाली उतरत जाणं सोपं, त्याच वाटेने उलटं येणं अवघड. पाणी मांडीवरून वर सरकतंय असं नुसतं वाटलं तरी बाहेर या.

ही नदी काय करू शकते ते बघायचं तर पर्थमधल्या जुन्या दगडी पुलाच्या खांबावर पुरांच्या खुणा कोरल्या आहेत. सगळ्यांत वरची १८१४ची. जानेवारी १९९३च्या पुरात बॅलथीला सेकंदाला २२०० घनमीटरहून जास्त पाणी गेलं, म्हणजे सरासरीच्या बारा-तेरा पट.

मासे खरंच कमी झालेत का?

हो. २०२३मध्ये स्कॉटलंडभर गळाने पकडलेल्या सॅमनची नोंद ३३,०२३ झाली, १९५२पासूनच्या नोंदींतली सर्वांत कमी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्रिटनमधल्या अटलांटिक सॅमनची नोंद आंतरराष्ट्रीय लाल यादीत 'संकटग्रस्त' म्हणून झाली. समुद्रात मरणाऱ्यांचं प्रमाण वाढलंय हे मोठं कारण, पण समुद्रावर आपला इलाज चालत नाही. नदीतल्या सावलीवर, बांधांवर आणि पाणी उपशावर चालतो. नदीतले मोतीशिंपलेही सॅमन आणि ट्राउटवरच अवलंबून असतात, त्यांची पिल्लं पहिले काही महिने माशांच्या कल्ल्यांना चिकटून काढतात.

बीव्हरच्या बांधांनी मासे अडतात का?

टेच्या खोऱ्यात बीव्हर (झाडं कुरतडून ओढ्यांवर बांध घालणारा, घुशीच्या जातीचा मोठा प्राणी) भरपूर आहेत आणि २०१९पासून त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. मुख्य नदी ते अडवू शकत नाहीत, छोट्या ओढ्यांवर बांध घालतात. पाणी असलं की मासा बांधावरून जातो, कोरड्या शरद ऋतूत अडखळतो. शेतकरी, मासेमार आणि निसर्गप्रेमी तिघांचं यावर एकमत नाही. आमच्यात पडू नका.

सर्वांत मोठा सॅमन केवढा मिळालाय?

याच नदीवर, कॅपथजवळच्या ग्लेनडेल्विन बीटवर, ७ ऑक्टोबर १९२२ रोजी जॉर्जिना बॅलंटाइन यांनी ६४ पौंडांचा मासा काढला. ब्रिटनमधला गळाचा विक्रम अजून तोच आहे. होडीत सोबत वडील होते आणि झुंज दोन तासांहून जास्त चालली. तो शरदातला मासा, त्यामुळे एप्रिलमध्ये त्याची स्वप्नं बघू नका.

हा आपला रावसच ना?

नाही. रावसाला बाजारात 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण कूळ पूर्ण वेगळं.

आई-बाबा मे महिन्यात येतायत. गळ न टाकता त्यांना काय दाखवता येईल?

पिटलॉक्रीचं धरण. त्याच्या कडेने माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांची ३४ कुंडांची, ३१० मीटर लांबीची शिडी केली आहे, आणि चढणारे मासे मोजले जातात. वर चहा-केकची सोय आहे, चालणंही बेताचं. मासा समोरून जाईलच असं नाही. एप्रिलच्या मध्यापासून पुढे, पाणी जरा उबदार झालं की शक्यता वाढते. सॅमन उड्या मारताना बघायचाय असा आईंचा हट्ट असेल, तर तिकिटं ऑक्टोबरची काढा आणि आमंड नदीवरच्या बकँटी स्पाउटला पावसानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी न्या. तिथले दगड शेवाळलेले असतात, बाबांना चपला घालून येऊ देऊ नका.